शून्य अपघाताची सहल

शनिवार, १० जानेवारी
जैसलमेरच्या पुढे, वाळवंटातला कॅम्प

अंकुश,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू फाडून टाकशील, म्हणून पत्ता हेतलकडून लिहून घेतलाय. हेतल म्हणजे आपल्या एचआरमधली. तुझ्या गेटपासचा फोटो तिनेच काढला होता. आता उघडलंच आहेस तर वाच. फाडायचं ते नंतर फाड.

फोन तू उचलत नाहीस. उन्हाळ्यात दोनदा चिंचणीला तुझ्या घरी आलो. दोन्ही वेळा दीपावहिनी दारातच म्हणाल्या, "झोपलेत ते." सकाळी अकरा वाजता? तिसऱ्या वेळी उन्नतीच्या हातचं सुरमईचं कालवण पाठवलं, तर डबा जसाच्या तसा परत. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. उन्नतीने ते कालवण मलाच वाढलं आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली. 

पत्र का लिहितोय ते ऐकशील तर हसशील. इथे पोचल्या पोचल्या आमचे मोबाईल काढून एका पिशवीत भरले आणि पिशवीला कुलूप लावलं. सात दिवस मनाला शांती म्हणे. बदल्यात प्रत्येकाला एक वही, एक पेन आणि पाच पाकिटं. जवळच्या माणसाला स्वतःच्या हाताने पत्र लिहा, असा कार्यक्रम आहे. बाकीचे बायकोला लिहितायत. मीही उन्नतीला लिहायचं म्हणून तासभर पेन चावत बसलो आणि तुझं नाव लिहिलं गेलं. आता पान फाडलं तर हेतल विचारेल, म्हणून पुढे लिहितोय.

तर आम्ही वाळवंटात आलोय, फिरायला. नुसतं उंटावर बसून फोटो काढायला नाही हां. चालायचं, टेकड्या चढायच्या, माउंटन बाईक चालवायची, असली 'ॲक्टिव्ह' सहल. आठ जणांना कंपनीने बक्षीस दिलंय. कसलं बक्षीस ते तुला कोणीतरी सांगितलं असेलच. नसेल तर माझ्याकडूनच ऐक. आपल्या प्लँटमध्ये गेल्या वर्षभरात एकही अपघात झाला नाही, म्हणून. गेटवरच्या फलकावर तीनशे पासष्टचा आकडा लागला त्या दिवशी मनीष साहेबांनी पेढे वाटले. प्लँट मॅनेजर स्वतःच्या हाताने पेढा भरवतो म्हटल्यावर तोंड उघडावं लागतं. मी उघडलं.

अंकुश, तुझ्या भरपाईची पालघरची चौकशी १६ तारखेला आहे, मला माहीत आहे. १८ फेब्रुवारीला तू कामावर होतास की नव्हतास, एवढंच तिथे ठरायचंय. कागदावर तू त्या दिवशी रजेवर होतास, आणि संध्याकाळी दारू पिऊन मोटरसायकलसकट नाल्यात पडलास. त्यात डोळा गेला, त्यात छाती गेली. कागदाखाली शिफ्ट इन्चार्ज म्हणून माझी सही आहे. ती खरी की खोटी, ते मी तिथे येऊन सांगायचं. आणि आमची परतीची गाडी १७ ला पोचते. तारीखच तशी आली, त्याला मी काय करू?

खूप दमलोय. बोईसरहून निघालो ते दुसऱ्या दिवशी दुपारी जोधपूर, तिथून पुढे बस, मग जीप. कंबर राहिलेली नाही. वय सेहेचाळीस आणि अंगावर कंपनीचा केशरी टी-शर्ट, त्यावर मोठ्या अक्षरात 'शून्य'. बरा दिसतो मी.

रूपेश

रविवार, ११ जानेवारी

अंकुश,

आज सकाळी सातला बाहेर काढलं. थंडी अशी की आपल्याकडच्या माणसाने चहाच्या कपात हात घालावेत. कॅम्पवर एक सुभेदार आहेत, फौजेतून निवृत्त झालेले, साठीचे असतील. चालणं, चढणं, सायकल सगळं तेच शिकवतात. मिशा पांढऱ्या आणि पाय विशीतले. आम्ही मात्र पहिल्या टेकडीलाच बसलो. वाळूत एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं, लेका. मुरब्याच्या किनाऱ्यावर जन्म गेला माझा, वाळू काय मला नवी आहे? पण आपली वाळू ओली, दाबून बसलेली. ही पायाखालून निघूनच जाते.

एकनाथकाका पण आहेत. घिवलीचे आपले एकनाथकाका. मार्चमध्ये निवृत्त होतायत. त्यांनी पिशवीत सुके बोंबील आणलेत, आणि इथलं स्वयंपाकघर पक्कं शाकाहारी. काल त्यांनी पिशवी उघडली तर आचारी भांडी टाकून बाहेर गेला. शेवटी सुभेदारांनी ती पिशवी लांबच्या एका झाडाला टांगून ठेवायला लावली. काका जेवायच्या वेळी ताट घेऊन त्या झाडाखाली जातात. मीही गेलो.

या चालण्यातच एक खेळ होता. म्हणजे हेतलच्या कागदावर खेळ होता. सुभेदार आम्हाला सकाळी थांबत थांबत चालवत नेणार, दुपारी तिथे सोडून देणार, आणि आम्ही आठ जणांनी आपापसांत ठरवून कॅम्पवर परत यायचं. एकजूट वाढते म्हणे त्याने. सुभेदार निघून गेले. मनीष साहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "अरे, आपला कोळी आहे ना! रूपेश, तुम्हा लोकांना दिशा काय, वारा काय, सगळं पाठ असतं. चल, तू पुढे." आम्ही मांगेले, पण साहेबांना समुद्राकडचा कोणीही कोळीच. मी पुढे झालो.

थोडक्यात सांगतो. रस्ता चुकला. दीड तासात पोचायचं ते साडेतीन तास झाले तरी कॅम्प दिसेना. पाणी संपलं. काकांचा गुडघा सुजला, हेतल रडायला लागली आणि रडताना सॉरी सॉरी म्हणत होती. सुभेदार शेवटी जीप घेऊन शोधत आले. आम्ही कॅम्पच्या बरोब्बर उलट दिशेला चाललो होतो. वारा फिरला, दुसरं काय! रानटी जागा, तिथल्या वाऱ्याचा काय भरवसा. त्यात माझी काय चूक?

जीपमध्ये सगळे हसत होते. मनीष साहेब तर जास्तच. "आमचा कोळी बुडाला, आणि तोही वाळूत!" काका तेवढे हसले नाहीत. उतरताना माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, "रूपेश, वाऱ्याचं तू आता कदी बोलू नको. ऐकवत नाय."

मला जेवण गेलं नाही. दमल्यामुळे असेल.

तुला सांगू का, तू गेल्यावर तुझ्या जागी नवीन पोरगा आलाय. लॉगबुकात रीडिंग एकशे बेचाळीस असलं की एकशे चाळीस लिहितो. "काय फरक पडतो साहेब?" तू कधी असं केलं नाहीस. आयटीआयला असताना प्रॅक्टिकलच्या वहीत माझा आकडा चुकायचा, मी तुझा उतरवायला मागायचो, तर तू म्हणायचास, "परत मोज, मी थांबतो." आणि थांबायचास. शेवटची बस जाईपर्यंत थांबायचास आणि मग सायकलवर मला डबल सीट घेऊन जायचास.

असो.

रूपेश

सोमवार, १२ जानेवारी

अंकुश,

आज सायकल. आपली घोडा सायकल नव्हे. जाड टायरची, पुढे स्प्रिंगवाली, सत्तावीस गियरची. त्यातले सव्वीस मला कळले नाहीत. सुभेदारांनी आधी सगळ्यांच्या टायरमधली हवा कमी केली. "रेत में टाइट टायर धँसेगा, ढीला टायर चलेगा." उतारावर सीटवर बसायचं नाही, बूड उचलून मागे न्यायचं. पुढचा ब्रेक एकट्याने दाबायचा नाही. ऐकताना सगळं कळत होतं.

सुरुवातीला, खरं सांगतो, मजा आली. वाळूचा पट्टा संपला की कडक खडकाळ माळ आहे, त्यावर सायकल धावते. तोंडावर वारा, आजूबाजूला माणूस नाही, कंपनीचा भोंगा नाही, नाकात तो वास नाही. आपल्या नाकात तो वास मुक्कामालाच असतो बघ, गेला की मगच कळतं होता म्हणून. पाच-दहा मिनिटं मी सगळं विसरलो. तुलाही विसरलो. मग लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला, आणि रागात पुढचा ब्रेक दाबला.

उताराला वळण होतं, तिथे मी सायकलवरून पुढे फेकला गेलो. कोपर फुटलं, गालाला खरचटलं, हेल्मेटला चीर गेली. फार काही नाही. सगळे धावत आले. मनीष साहेबांनी पहिलं वाक्य काय म्हणावं? "अरे रूपेश, आपला रेकॉर्ड तोडतोस काय!" परत सगळे हसले. मीही हसलो. तोंडात वाळू होती तरी हसलो.

सुभेदारांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मग सॅकमधून एक लांबोडकी वही काढली. घड्याळ बघितलं आणि लिहायला लागले. किती वाजता, कुठल्या वळणावर, कोण, कसा पडला, टायरमध्ये हवा किती होती, ब्रेक कुठला दाबला. मी म्हटलं, "जाने दो ना साब, छोटा सा लगा है." मनीष साहेब म्हणाले, "अरे सुभेदारजी, छोड़ो ये सब, हम लोग ज़ीरो ऐक्सीडेंट वाले हैं!" त्यांनी मान वर केली नाही. लिहून झाल्यावर म्हणाले, "साब, परसों दूसरा ग्रुप आएगा. नहीं लिखूँगा तो वो भी इसी मोड़ पर गिरेंगे." आणि वही माझ्यापुढे धरली. सही मागितली.

मी सही केली. अंकुश, मी नोकरीत हजारो सह्या केल्या असतील. या सहीला मात्र अर्धं नाव लिहून थांबलो. सुभेदारांना वाटलं कोपर दुखतंय, म्हणून त्यांनी वही खालून धरली.

संध्याकाळी शेकोटीला मनीष साहेब शेजारी येऊन बसले. फार प्रेमात होते. म्हणाले, "सहल फेब्रुवारीतच होती मूळची. मीच अलीकडे ओढून घेतली. सोळाला तुला पालघरला उभं केलं असतं त्यांनी, उलटसुलट विचारलं असतं. तू साधा माणूस. वाचवलं की नाही तुला?" आणि माझ्या थँक यूची वाट बघत थांबले.

मी म्हणालो थँक यू.

आणि आता लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो. पहिल्या पत्रात मी म्हटलं, तारीखच तशी आली. खोटं आहे ते. मला डिसेंबरपासून माहीत होतं. त्यांनी केबिनमध्ये बोलवून विचारलं होतं, नऊ ते सतरा चालेल का म्हणून. त्यांच्या टेबलावर पालघरचं पत्र उघडं होतं, तारीख मला उलटी वाचता आली. मी म्हणालो, चालेल.

रूपेश

मंगळवार, १३ जानेवारी

अंकुश,

रात्रभर डोळा लागला नाही, आता उजाडलंय. आज सगळं लिहितो. तुला सगळं माहीतच आहे, तरी लिहितो. मी कधी बोललोच नाही ना ते, अकरा महिन्यांत कोणापाशी.

परवा वाळूत रस्ता चुकला तेव्हा वारा फिरला नव्हता.

सकाळी निघालो तेव्हा वारा तोंडावर होता. मी डोक्यात हिशेब केला की आता दुपार टळली, म्हणजे वारा फिरला असणार. आपल्याकडे फिरतो ना! सकाळी जमिनीवरून, दुपारी समुद्रावरून. लहानपणापासून तेच बघितलंय, आजोबा अंगणात उभे राहून गालावर घेऊन सांगायचे. म्हणून मी म्हटलं, परत जातानाही वारा तोंडावर ठेवा, बरोब्बर कॅम्पवर पोचू. इथे कुठला आलाय समुद्र! एकनाथकाका म्हणाले, "अरे रूपेश, सकाळी ऊन डोळ्यात घेऊन आलो आपण. परत जाताना पन डोळ्यातच यायला पायजे. ते तर पाठीवर हाय." काका बरोबर बोलत होते. आणि मी सगळ्यांसमोर काय म्हणालो माहितीये? म्हणालो, "काका, मुरब्याच्या माणसाला वारा शिकवू नका."

काका माझ्या मागे जाऊन चालायला लागले. हेच वाक्य त्यांनी आधी एकदा ऐकलं होतं. १८ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजता. तेव्हा ते मी तुला म्हणालो होतो.

तिसऱ्या मजल्यावर पाइपच्या सांध्याचं गॅस्केट गेलं, ॲसिडची वाफ सुटली, व्हॉल्व्ह बंद करायला कोणीतरी वर जायचं होतं. दोन जिने, एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने चढायचं, म्हणजे वाफ आपल्यापासून लांब जाते. पहिल्या दिवशी शिकवतात हे. मी म्हणालो, अकरा वाजलेत, वारा समुद्रावरचा, पश्चिमेच्या जिन्याने जा. तू छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे हात केलास. म्हणालास, "रूप्या, पिशवी बघ, वारा अजून पूर्वेचाच हाय." पिशवी चांगली फुगलेली होती. अंकुश, मी बघितली ती. बघूनही म्हणालो, "मुरब्याच्या माणसाला वारा शिकवू नको. जा."

तू इन्चार्जचं ऐकलंस आणि गेलास. साधा मास्क लावून गेलास आणि वाफ सगळी त्याच जिन्यावर आली.

कागदाचंही सांगतो. मनीष साहेब म्हणाले होते, ठेक्यावरचा कामगार आहे, हजेरीचं मस्टर ठेकेदाराकडून बदलून घेऊ, तू फक्त 'रजेवर, मोटरसायकलवरून पडला' एवढं लिही. मी विचारलं, कसा पडला म्हणून लिहू? ते म्हणाले, "तुझा मित्र ना? तूच ठरव." दारू हा शब्द माझा आहे. दारू लिहिलं की पुढे कोणी विचारत नाही, म्हणून लिहिला. ज्या माणसाने लग्नाच्या वरातीतसुद्धा थेंब घेतला नाही त्याच्या नावावर मी तो लिहिला. तुझ्या आईला सोजराबाईंना बाजारात कोणी विचारलं, पोरगा कधीपासून प्यायला लागला, ते मला दीपावहिनींच्या भावाने सांगितलं. त्या दिवसापासून मी चिंचणीच्या बाजारात गेलेलो नाही. मासळी घ्यायला बोईसरला जातो.

फार थकलोय रे. सहलीने नव्हे. फलकावरचा आकडा रोज सकाळी एकने वाढायचा, तो वाढवायचं काम सकाळच्या इन्चार्जचं, म्हणजे पंधरवड्यातून आठ दिवस माझं. स्टुलावर चढून मी तो बदलायचो.

आता हेतलकडे जाऊन मोबाईल मागितला. तिने एक फॉर्म पुढे केला, 'तातडीचं कारण'. मी लिहिलं, 'साक्ष'. तिने वाचलं, परत वाचलं. म्हणाली, "सर, मनीष सरांना विचारावं लागेल." मी म्हटलं, विचार. ती गेली आणि दोन मिनिटांत परत आली. विचारलं नव्हतं. पिशवीचं कुलूप उघडून माझा फोन काढून दिला आणि म्हणाली, "मी झोपले होते असं सांगीन." पंचवीस वर्षांची पोर. तिचीही नोकरी आहे.

काकांना म्हटलं, चला माझ्याबरोबर, तुम्ही तिथे होतात, तुम्ही ऐकलंत. काका गुडघा चोळायला लागले. म्हणाले, "मार्चपर्यंत नको रे. मना जमनार नाय. तू जा." मी रागावलो नाही. कुठल्या तोंडाने रागावू?

सुभेदारांची जीप दहा वाजता शहरात जाते, दूध आणायला. तिच्यातून निघतोय. हे पत्र टपालात टाकेन, तुला मिळायच्या आधी मीच पोचेन बहुतेक.

रूपेश

शुक्रवार, १६ जानेवारी
पालघर

अंकुश,

शेवटचं पाकीट. कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. तासाभरापूर्वी तू माझ्यापासून चार हातांवर बसला होतास आणि मला तुझ्याशी बोलता आलं नाही, म्हणून हे लिहावं लागतंय.

तू मला दारात बघितलंस तेव्हा तुला वाटलं असेल, कंपनीच्या बाजूने आलाय. कंपनीच्या वकिलालाही तेच वाटलं. खुर्ची सरकवून दिली त्याने. माझा जबाब सुरू झाल्यावर तो उठून बाहेर गेला, फोन लावायला. त्यानंतर मनीष साहेबांचे बावीस मिस्ड कॉल आलेत. एक मेसेज आहे, सोमवारी येऊ नकोस एवढाच. उन्नती बरोबर आलीय, तिला दाखवला. तिने वाचला, फोन परत दिला आणि अकरा महिन्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, जेवलास का.

चौकशी घेणाऱ्या साहेबांनी माझा जबाब मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा मी जमिनीकडे बघत होतो. कामावर होता, हो. नाल्यात पडला नाही. दारू प्यायलेला नव्हता, तो शब्द मी घातला. पश्चिमेच्या जिन्याने कोणी पाठवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी. त्याने पिशवी दाखवली होती का? दाखवली होती. तुम्ही बघितली का? बघितली. एवढं बोलायला मला घोटभर पाणी लागलं.

मग साहेबांनी तुला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? मला वाटलं, आता तू जे बोलशील ते मी ऐकून घ्यायचं. त्यासाठीच आलो होतो. तू खुर्चीचा हात धरलास, श्वास जमवलास. दीपावहिनी म्हणाल्या, राहू द्या, मी सांगते. तू मान हलवलीस.

"त्यानं एक सोडलं हाय. लिवा," तू म्हणालास. "मी जिन्यात पडलो... तवा वर कोणी येत नव्हता. हा आला. मास्क नाय, तोंडाला रुमाल नाय. मना खांद्यावर घेऊन उतरला. तीन मजले. ते पन लिवा. झालं ते सगलं लिवा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, खरं का म्हणून. मी जमिनीवरून नजर उचलली. मान हलवली. त्यांनी लिहिलं.

ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, अंकुश. तुला एवढ्या पत्रांतही लिहिलं नाही. अकरा महिने मी तेवढ्यावरच जगलो. सही करताना तेच आठवायचो, पेढा खाताना तेच, स्टुलावर चढताना तेच. मी त्याला बाहेर काढलं की, मग बाकीचं चालेल. आज ते तोंडातून काढलं असतं तर सगळा जबाब पुन्हा माझ्या सोयीचा झाला असता. म्हणून गप्प होतो. आणि तूच ते उचलून कागदावर ठेवलंस. तुझा एक डोळा गेला, धड एक वाक्य सलग बोलता येत नाही तुला, आणि त्या श्वासातून तू माझ्यासाठी एवढी वाक्यं काढलीस. मला रडू आलं ते तू बघितलं नसशील, मी बसलो होतो त्या बाजूचाच डोळा तुझा गेलाय.

माफी मागत नाही. मागायची हिंमत नाही, आणि तू दिलीस तर घ्यायची त्याहून नाही.

सह्या झाल्यावर तू निघालास. जिन्यात दर चार पायऱ्यांना थांबत होतास, कठड्याला धरून, खांदे वर-खाली होत. मी पाच पायऱ्या मागे होतो. तू थांबलास की थांबायचो, तू निघालास की निघायचो. वहिनींनी मागे वळून बघितलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. म्हणाल्या, "भावजी, तुमी फुडं व्हा. आमाला वेळ लागतो."

मी पुढे झालो नाही.

रूपेश